जीवाश्माची खूण

माझं निम्मं आयुष्य कच्छच्या माळांवर अमोनाइट शोधण्यात गेलं. वेटोळ्या कवचाचा हा समुद्री जीव केव्हाच नामशेष झाला, उरले ते दगडातले अवशेष. गुडघे कुरकुरायला लागले तशी मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात भूशास्त्र शिकवू लागले आणि रविवारी चिंचवडला कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाऊ लागले.

तिथे पहिल्याच दिवशी अडलं. ‘जीवाश्म’ या शब्दाला खूणच नव्हती. तिथल्या बाई बोटांनी एकेक अक्षर दाखवत राहिल्या, मुलं जांभया देत राहिली. नववीतली एक मुलगी मात्र मी नेलेला अमोनाइट हातात घेऊन बसली होती. तिनं एका तळव्यावर दुसऱ्या हाताची मूठ दाबली, मूठ अलगद उचलली आणि रिकाम्या तळव्यावर बोटानं वेटोळं काढलं. जीव गेला, ठसा राहिला. सगळ्या वर्गानं लगेच तीच खूण उचलली.

दहावीनंतर तिनं सायन्सचा हट्ट धरला. तिचे वडील चाकणला कंपनीत होते. रात्रपाळी करून तसेच माझ्याकडे आले.

“मॅडम, तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलंय. आता तुम्हीच बघा.”

आम्ही कॉलेजं हिंडलो. एका प्राचार्यांनी विचारलं, “तिला ऐकू येत नाही. लॅबमध्ये काही झालं तर जबाबदार कोण?”

“ऐकू येणाऱ्यांना काही झालं तर कोण असतं?” मी म्हटलं. प्रवेश अर्थातच मिळाला नाही.

शेवटी वाकडच्या एका कॉलेजनं घेतलं. अट एकच, दुभाषी आम्ही आणायचा. तो काही मिळेना. मग माझे तास सांभाळून मीच तिच्या शेजारी बसू लागले. सर बोलतील ते भराभर लिहून तिच्यापुढे सरकवायचं. मनगट दुखायचं. माझे नमुने घरी खोक्यांत तसेच पडून होते.

एकदा प्रॅक्टिकलनंतर कँटीनमध्ये तिनं मोबाइलवर लिहिलं, “तुम्ही दमता ना?”

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. “हो,” मी लिहिलं.

“मीपण. दिवसभर सगळ्यांचे ओठ बघून डोळे ठणकतात. घरी गेल्यावर मी कुणाकडे बघतच नाही.”

सर्वांसाठी विज्ञान यावर मी इतकी भाषणं केली, त्यांत हे कधी आलं नव्हतं.

“पुढचा तास बुडवायचा?” मी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. गणित होतं. मी उरलेला चहा संपवला आणि पेनात नवी रिफिल घातली.