उजवा कोन

नातवंडांनो, काल तुमची आई फोनवर म्हणाली, "आई, या वयात त्या रोह्याच्या फेऱ्या आता पुरे कर." तुम्हीही मागून हसलात. म्हणून मी बुधवारची गाडी का सोडत नाही, ते लिहून ठेवते.

निवृत्त होऊन पेणला आले, तेव्हा रोह्याच्या एका मराठी शाळेला आठवीच्या भूमितीसाठी कुणीतरी हवं होतं. मी जन्मभर इंग्रजीतून शिकले आणि इंग्रजीतूनच शिकवलं. पहिल्याच तासाला फळ्यावर कोन काढला आणि ठणकावून सांगितलं, "हा उजवा कोन."

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, मग डावा कोन कुठं हाय?"

"तो बाईंच्या घरी ऱ्हायला!" दुसरीने उत्तर दिलं. अख्खा वर्ग हसत सुटला. 'काटकोन' हा शब्द मला शाळा सुटल्यावर, स्टेशनच्या वाटेवर आठवला. हे काम आपल्याला जमणार नाही असं मुख्याध्यापकांना कळवायचं, हे गाडीत बसेपर्यंत ठरलं होतं.

डावा कोन विचारणारी तीच मुलगी समोर येऊन बसली. ती पुढच्याच स्टेशनला, निडीला, उतरणार होती.

"बाई, रागावलात?"

"नाय गो," मी म्हणाले. लहानपणचं ते बोलणं किती वर्षांनी तोंडात आलं! मग खरं सांगून टाकलं, की मला भूमिती येते, तुमचे शब्द येत नाहीत.

"आमचे बाबा गवंडी हायत. पाया आखला की ते इचारतात, गुण्यात हाय का? म्हंजे कोपरा बरोबर हाय का." निडी आली. "बुधवारी त्यांची दोरी आणते. पन तुमी या हां."

मी गेले. तिने सुतळीचं कडं आणलं होतं, सारख्या अंतरावर बारा गाठी मारलेलं. तिघींनी ते तीन, चार आणि पाच भागांवर धरून ताणलं, आणि काटकोन तयार. मग तो वर्गाच्या कोपऱ्याला लावून पाहिला. भिंतीपाशी बोटभर फट!

"बाई, आपली शालाच गुण्यात नाय!"

या वेळी मीही हसले. फळ्यावर 'काटकोन' लिहिलं, शेजारी 'गुण्यात' लिहिलं. उरलेला तास आम्ही शाळेचे वाकडे कोपरे शोधत फिरलो.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिने दिलेली सुतळी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. एक गाठ सुटली, अकरा शाबूत आहेत. बुधवारचा तास चालू आहे.