कोण आहे रे तिकडे

रविवारी सकाळी फोन वाजला आणि पलीकडून कोणी हॅलोसुद्धा म्हणालं नाही, की समजायचं, मोहरीलकाका. ते एकच शब्द बोलत, "वाच." मग मी लॅपटॉप उघडून एका वेबसाइटवरची लांबलचक ओळ त्यांना वाचून दाखवायची. आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची नुसती खिचडी. सात, एफ, तीन, तीन, बी, शून्य. पलीकडे काका पेन्सिलीचं टोक आपल्या पडद्यावर टेकवून एकेक अक्षर ताडून बघत असत. शेवटी "जुळलं" म्हणत आणि फोन ठेवून देत.

काकांना लिनक्सचे, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या सिस्टिमचे, नवनवीन अवतार उतरवून घ्यायचा नाद होता. फाईल वाटेत कोणी बदलली नाही ना, हे कळावं म्हणून ती बनवणारे लोक अशी एक ओळ जाहीर करतात. उतरवलेल्या फाईलवरून आपला संगणकही तशीच ओळ काढतो. दोन्ही जुळल्या तर माल अस्सल. बहुतेक लोक या भानगडीत पडतच नाहीत. काका पडत, आणि वर म्हणत, की ज्या इंटरनेटवरून फाईल आली त्यावरूनच ओळ वाचायची तर मग काय उपयोग? फाईल बदलणारा ओळही बदलेलच की. म्हणून ती दुसऱ्या घरातून, दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटवरून, दुसऱ्या माणसाने वाचायची. "आणि मधलं नीट वाच," ते बजावत. "लोक पहिली चार अक्षरं पाहतात, शेवटची चार पाहतात, झालं त्यांचं. चोराला काय हे माहीत नाही? तो मधेच हात मारते."

भोपाळला मी हॉस्पिटलच्या लॅबमधल्या नोकरीसाठी आले आणि साकेत नगरात खोली घेतली. मागच्या गल्लीत एक मराठी फॅमिली आहे म्हणून घरमालकीणच मला मोहरीलांकडे घेऊन गेली. परगावी मराठी माणूस भेटला की आधी आडनाव, मग गाव, मग नोकरी, हा क्रम ठरलेला. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "यात काय आहे? विंडोज?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, घरात कोणी आजारी आहे असं मी सांगितल्यासारखी, आणि आत हाक मारून चहा सांगितला.

काका मूळचे नागपूरचे. गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तांब्याची तार, नटबोल्ट, पत्रे. त्यांनी मोजल्याशिवाय काही आत जात नसे. "माल एक नंबर आहे हे विकणारा सांगणारच. आपण मोजायचं," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आजही भाजीवाल्याच्या काट्याकडे मी त्यांच्याच नजरेने बघते. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी संगणक धरला. कॅमेऱ्यावर काळी पट्टी चिकटवली. टीव्हीच्या रिमोटला बोलायचं बटण होतं, म्हणून रिमोट बिस्किटांच्या डब्यात गेला. काकूंना मालिका बदलायची असली की आधी डबा उघडावा लागे, आणि मग येणारा प्रत्येकजण बिस्कीट मागे.

रविवारी त्यांच्याकडे आमचा अड्डा जमे. अड्डा म्हणजे मी आणि सक्सेना अंकल. अंकल बँकेतून निवृत्त झालेले. परदेशातल्या मुलीने पाठवलेला मॅक लॅपटॉप ते मखमली पिशवीत घालून आणत, सोबत जिलेबी. पोहे काकूंचे. एकदा बशा आल्या की कुणाची सिस्टिम चांगली यावर जुंपायची. काका मला म्हणत, "तुझं विंडोज म्हणजे किरायाचं घर. चाबी मालकाजवळ. तो विचारल्याबिना येते, सोफा सरकवते आणि म्हणते, हे तुमच्याच भल्यासाठी." सक्सेनांचा मॅक म्हणजे त्यांच्या लेखी हॉटेल होतं. सगळं चकाचक, पण खिडकी उघडायची नाही. आणि लिनक्स म्हणजे स्वतःचं घर, नळ गळला तर स्वतःच पान्हा घेऊन बसायचं. यावर सक्सेना जिलेबी मोडत शांतपणे म्हणाले होते, "मोहरील जी, आपके घर में हम जब भी आए, आप पाना लेकर ही बैठे मिले." काका त्या दिवशी पोह्यांवर लिंबू पिळायचंही विसरले.

अड्ड्याचा नियम एकच, दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. काकांच्या मशीनला तर घरातही कोणी हात लावायचा नाही, हे काकूंना लग्नातल्या एखाद्या वचनासारखं सांगून ठेवलेलं होतं. त्यांचा पासवर्ड चांगला लांबलचक होता. फक्त एक घोटाळा होता. काका तो टाइप करताना पुटपुटत. दोन बोटांनी एकेक कळ शोधत, तोंडाने म्हणत, "कोण... आहे... रे... तिकडे." मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत. सगळ्या जगापासून जपलेला तो पासवर्ड आमच्या कानांवर दर रविवारी पडायचा. अशा वेळी मी आणि सक्सेना अंकल पंख्याकडे बघत बसायचो. पहिल्यांदा संकोचाने सांगितलं नाही, आणि नंतर इतकी वर्षं का नाही सांगितलं, हे कसं सांगणार?

एका रविवारी गेले तर काका खुर्चीत ताठ बसलेले. मशीनच्या डब्याच्या पाठीवर त्यांनी तळहात ठेवला होता, ताप बघावा तसा. काल दुपारी झोपून उठलो तर हा डबा कोमट होता, म्हणाले. मी ऊन लागलं असेल म्हटलं, तर त्यांनी मला खिडकी कोणत्या दिशेला आहे ते दाखवलं. पुढच्या आठवड्यात पडद्यावरची अक्षरं एका पायरीने मोठी झालेली सापडली. त्यानंतर एक दिवस पडद्याच्या तळाची चिन्हांची पट्टी वर गेली. आदल्याच रविवारी सक्सेनांनी मॅकची वरची पट्टी किती सोयीची, यावर भाषण दिलं होतं. काकांनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की अंकल जिलेबीचा पुडा घेऊनच उठले.

"कोणीतरी येऊन राहिलं माझ्या मशीनमधी," काका म्हणू लागले. त्यांनी इंटरनेटची तार काढून टाकली. तरी डबा कोमटच. म्हणजे येणारा बाहेरून येत नव्हता, आधीच आत शिरून बसला होता. कसा शिरला, याचा त्यांनी कारखान्यातल्या पद्धतीने माग काढला, आणि तो माग माझ्याशी येऊन थांबला. काकूंना माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो बघायचे होते म्हणून मी एकदा पेन ड्राइव्ह आणला होता, विंडोजवर भरलेला. त्यानंतर बाहेरचं काहीच त्या मशीनला लागलेलं नव्हतं.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मेधा, त्याच्यात आणखी काय होतं?" मी म्हटलं, फोटो. ते म्हणाले, "तुला माहीत आहे तेवढे." मी लॅबमध्ये काम करते. नमुना कुणाचा, कुणाच्या हातून आला, मधे कुठे बदलला तर नाही ना, हे बघणं माझं रोजचंच काम आहे. त्यांचा प्रश्न बरोबर होता हे मला कळत होतं, आणि म्हणूनच तो जास्त लागला. मी आजवर कुणाचं काही उचललं नाही, आणि इथे माझ्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोंवर आळ. घरी येऊन मी तो पेन ड्राइव्ह तीनतीनदा तपासला. काही नव्हतं. तरीही वाटायचं, असेल तर?

मग रविवारचा फोन बंद झाला. काकांनी सगळं मशीन पुसून नव्याने लिनक्स टाकलं, पण ओळ वाचायला सक्सेनांना सांगितलं. हे अंकलनीच मला हॉस्पिटलच्या फाटकापाशी थांबून सांगितलं. त्यांनी काकांना पासवर्ड बदलला का विचारलं होतं, तर काका म्हणाले होते, तो काहून बदलू? तो कोणाला माहीत आहे? अंकल माझ्याकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे. माहीत आम्हा दोघांनाही होता. आता सांगणं म्हणजे कबुलीजबाब दिल्यासारखं झालं असतं. त्यातही मला वाटत होतं, ती वरची पट्टी अंकलनीच केली नसेल कशावरून? आणि त्यांना माझ्याबद्दल काय वाटत होतं ते त्यांच्या चष्म्याआडून स्पष्ट दिसत होतं. संशय असा त्या एका डब्यातून निघून आमच्या गल्लीत हिंडायला लागला होता. भोपाळमध्ये ज्या एका घरी मी चप्पल काढताना दोनदा विचार करत नसे, ते घर हातचं गेलं होतं. मला फार एकटं वाटलं त्या दिवसांत. काकू मात्र मधूनमधून चिवड्याचा डबा पाठवत. बिचाऱ्या माझी कीव करतात असं मी समजत होते.

नव्या लिनक्सलाही डबा कोमटच निघाला. पेन ड्राइव्हची शक्यता त्यामुळे संपली, पण काकांनी मला तसं कळवलं नाही. त्यांनी सापळा लावला. पुढचं सगळं मला फार नंतर काकूंनी सांगितलं.

दुपारी झोपायला जाण्याआधी काकांनी कीबोर्डवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. उठल्यावर काकूंनी नेहमीसारखा चहा आणून दिला, मुलाने पाठवलेल्या काळ्या मगात. मगाच्या कानावर पांढरी बोटं उमटली होती. काकांनी मगाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. मग चहा प्यायले आणि म्हणाले, आज आलं जास्त पडलं. बस.

रोज दुपारी काका झोपले की काकू मशीन सुरू करून पत्ते खेळत असत. आतून पोहे परतता परतता इतकी वर्षं त्यांनी आमची भांडणं ऐकली होती, आणि काकांचं पुटपुटणंही. रविवारी ज्याचं कौतुक होई ते सोमवारी करून बघायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. अक्षरं मोठी केली कारण चष्म्याचा नंबर वाढला होता. पट्टी वर नेली ती सक्सेनांच्या भाषणामुळे. "पण मला ती खालीच बरी वाटते," त्या म्हणाल्या. "पत्ते पूर्ण दिसतात."

मी विचारलं, "काकू, पावडर तुम्हाला दिसली नाही का?"

"न दिसायला काय झालं? घर मीच पुसते ना. फडकं हातातच होतं माझ्या."

"मग?"

"तुझ्यावर आळ आला तेव्हा मला घास उतरेना. रोज वाटे, आता मला विचारतील, मग सांगीन. तुला विचारलं, सक्सेनांना विचारलं, तारेला विचारलं. मला नाही विचारलं. घरात दोन माणसं, त्यातलं एक झोपलेलं, तरी माझ्यावर शंकासुद्धा नाही. हा विश्वास म्हणायचा की काय म्हणायचं, मला कळेना. म्हणून म्हटलं, उमटू दे बोटं."

पावडर उमटली त्याच संध्याकाळी माझा फोन वाजला होता. "वाच." माझा राग गेला नव्हता. मी म्हटलं, काका, माझं विंडोजच आहे अजून, चालेल का? मग ते म्हणाले, "वाच म्हटलं ना. मी पहिलं पाहत राहिलो, शेवटचं पाहत राहिलो. मधलं नीट वाच." त्यांच्याकडून मला मिळालेली माफी ती एवढीच. मी वाचलं, डोळ्यांतलं पाणी पुसत, एकही अक्षर न चुकता. पुढच्या रविवारी गेले तर मशीन सुरू होताना पडद्यावर एकाऐवजी दोन नावं आली. वर प्रभा, म्हणजे काकूंचं, खाली काकांचं. सक्सेना अंकलनी दोन्ही वाचली आणि पंख्याकडे बघितलं. खुलासा कोणी विचारला नाही, कोणी केला नाही. शेजारी दुसरी खुर्ची मात्र आली होती, गादी घातलेली.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. अचानक, दुपारच्या झोपेतच. तेराव्यानंतरच्या रविवारी मी आणि सक्सेना अंकल न ठरवताच त्यांच्या दाराशी भेटलो. जिलेबी आणावी की नाही हे न कळून त्यांनी ती आणली होती. काकूंनी पोहे केले होते. खाऊन झालं तेव्हा काकू उठल्या. त्यांनी डब्याच्या पाठीवर तळहात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि मशीन सुरू केलं.

दोन्ही नावं आली. काकूंनी वरचं निवडलं. पासवर्ड काकांनीच ठरवून दिला होता, आणि कुणालाही सांगायचा नाही अशी सक्त ताकीदही. काकू खुर्चीच्या काठावर बसल्या, एका बोटाने कळा शोधू लागल्या, आणि त्यांच्याही नकळत पुटपुटू लागल्या. मी आणि अंकल सवयीने पंख्याकडे बघायला लागलो, पण ऐकू यायचं ते आलंच.

"मी... आहे."