शाल माझ्या खांद्यावर

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी पनवेलच्या एका शाळेत मास्तर होतो. माझ्या वर्गातली निम्मी मुलं आसपासच्या ओवे वगैरे खेड्यांतून पायी यायची. त्यातल्या कितीतरी मुलांकडे डबा नसायचा; दुपारच्या सुट्टीत ती नुसतं पाणी पिऊन बसायची. एकदा एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना मी हे सहज बोललो. मालक पन्नाशीचे, एकटेच, कमी बोलणारे. म्हणाले, "उद्यापासून भाकऱ्या आणि उसळ पाठवतो. फक्त हॉटेलातून आलंय असं सांगू नका, मास्तर. मुलं बुजतील. घरून आणलंय म्हणा."

मी तसंच सांगितलं. पाच वर्षं त्यात खंड पडला नाही.

मग शाळेचा वार्षिक समारंभ आला. पाहुणे भाषणात म्हणाले, "स्वतःच्या पगारातून गरीब मुलांना जेवू घालणारा असा शिक्षक विरळा!" माझ्या खांद्यावर शाल पडली. त्या दिवशीचा चहाही मालकांकडचाच होता. ते मंडपाच्या मागे किटली घेऊन उभे होते. किटली खाली ठेवून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "हे माझं कर्तव्यच होतं."

मुलं बुजू नयेत म्हणून गप्प बसलो, अशी मी मनाची समजूत घातली. ते खोटं होतं. मला शाल आवडली होती.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात गेलो. "काल मी..." एवढंच म्हणालो, तोच ते म्हणाले, "आज उसळ जरा तिखट झालीय. लहानांना बेतानं वाढा." ते रागावले होते की मला सांभाळून घेत होते, मला आजही कळलेलं नाही.

दोन वर्षांनी ते अचानक वारले. शोकसभेत लोक त्यांच्या चहाबद्दल भरभरून बोलले. मी पहिल्या रांगेत होतो, उठलो नाही. भाकऱ्या बंद झाल्या. मुलांनी कारण विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "घरी बायको आजारी असते."

पुढे काही वर्षांनी एक जुना विद्यार्थी तलाठ्याची नोकरी लागल्याचे पेढे घेऊन घरी आला. पाया पडत म्हणाला, "गुरुजी, आमी तुमच्या भाकरीवर शिकलो." धडधाकट बायको दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

तेव्हा कुठे मी त्याला सगळं सांगितलं.

त्यानं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाला, "रोज त्यांच्या हॉटेलावरून जायचो आमी. कधी साधा नमस्कारबी केला नाय." त्यानं विचारलं, "त्यांच्या घरचं कोण हाय आता?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, चपला घातल्या आणि निघून गेला. पुन्हा तो माझ्याकडे कधी आला नाही.