बत्तीस उरले असताना

अमेरिकेत बॉथेलच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये एक जपानी इंजिनिअर बसायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ओसाकाच्या कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी इकडे पाठवलं होतं. बोलायचा मोजकं, कोड लिहायचा सुबक, आणि लंचमध्ये भिंतीवरच्या गोल फळीवर बाण फेकायचा. डार्ट्स हा खेळ मी तोवर फक्त सिनेमात पाहिला होता. त्याला त्यातच करिअर करायचं होतं. हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं, की मी "हो का?" म्हणून डबा उघडला.

त्यानं मला हेरलं ते वजाबाकीसाठी. खेळ पाचशे एकपासून सुरू होतो. दर फेरीला तीन बाण, मिळालेले गुण वजा करत शून्यावर यायचं. शेवटचा बाण मात्र फळीच्या कडेच्या अरुंद पट्टीतच लागला पाहिजे, जिथे आकड्याची दुप्पट मिळते. फळीशेजारी उभा राहून हिशेब लिहितो तो मार्कर. इतर मार्कर ओठ हलवत बसायचे, तोवर माझा आकडा लिहून झालेला असायचा. मग दर शनिवारी दुपारी एका बारमागच्या हॉलमध्ये माझी ड्यूटी लागली.

"यार, एमसीए करून तू बारमध्ये वजाबाक्या करतेस?" नवरा म्हणायचा.

तिसऱ्या वर्षीच्या वसंतात ओसाकाहून त्याला परत बोलावणं आलं. त्याच वेळी डार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं शब्द दिला: विभागीय स्पर्धा जिंक, आम्ही तुला आमचा खेळाडू म्हणून घेतो, व्हिसाच्या कागदपत्रांचंही बघतो. जिंकला तर नोकरी सोडून इथेच खेळायचं. हरला तर ओसाका आणि जुनं टेबल. त्याच्या बायकोनं सामानासाठी खोकी आणून ठेवली होती, पण एकही भरली नव्हती.

तो फायनलला पोचला. समोर एक अगडबंब ट्रक ड्रायव्हर, स्वभावानं अगदी लोणी. दोघांच्या संमतीनं मार्कर मी. बरोबरी होऊन शेवटचा डाव आला आणि माझ्या मित्राचे बत्तीस उरले. हातात तिन्ही बाण.

"किती उरले?" त्यानं विचारलं. हे विचारायला परवानगी असते. मार्करनं फक्त आकडा सांगायचा, तो कसा संपवायचा ते सांगायचं नाही. नियम मला पाठ होता. पण माझं बालपण नागपुरात कॅरमच्या बोर्डाभोवती गेलं, आणि तिथे जो खेळत नाही त्यानंच सर्वांत मोठ्यानं सल्ला द्यायचा असतो.

"थर्टी टू," मी म्हणाले. "डबल सिक्स्टीन!"

हॉल चिडीचूप. माझ्या हातातला खडू घामानं ओला झाला.

ट्रक ड्रायव्हरच हसला. "अरे, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं! टाक तू!"

मित्रानं त्याला किंचित वाकून नमस्कार केला. मग नेम धरला आणि बाण फळीच्या भलत्याच भागात, साध्या बाराच्या घरात मारला. लोकांना वाटलं, हात हलला. मला मात्र कळलं. मी दाखवलेला रस्ता त्यानं मुद्दाम टाळला होता. आता वीस उरले, म्हणजे दहाची दुप्पट हवी. दुसरा बाण पट्टीच्या आत, साध्या दहात गेला. राहिले दहा. तिसरा पट्टीच्या कडेच्या तारेला घासून बाहेर गेला. पुढच्याच फेरीत ड्रायव्हरनं डाव संपवला.

परतताना गाडीत मी रडले. "मी तुझं करिअर बुडवलं."

"बाण मी चुकवले," तो म्हणाला आणि वायपर लावला.

महिन्याभरात ते दोघं ओसाकाला गेले. त्यानंतर चार वर्षं तो नोकरी करत खेळत राहिला, आणि मग तिकडेच एकदाचा प्रोफेशनल झाला. मी फोन केला. अभिनंदन झालं, हसणं झालं, आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं मी विचारून टाकलं.

"त्या दिवशी डबल सिक्स्टीन मारला असतास, तर लागला असता?"

खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

"लागला असता," तो म्हणाला, आणि नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करू लागला.