पट्टी चालते

खट् खट् खट्. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या फरशीवर अकरा जोडी नवे बूट पहिल्यांदा चालले, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आवारात सरकी खाणाऱ्या शेळ्या उधळल्या, बैलांनी कासरे ताणले, आणि आम्ही अकराही जण आपल्याच पायांना भिऊन एकमेकांचे खांदे धरून चालत होतो!

जिनात काम केलेल्या माणसाच्या नाकाकानात कापसाचं रुवं साचतं. झटकलं तरी सगळं निघत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. चहाच्या दुकानात पोरं वाद घालतात, "बुटाचा नियम जरासा वाकवला तर त्याले रडी म्हनाव का?" मग माझ्याजवळचं एकेक बाहेर येतं.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. खामगावच्या एका जिनात आम्ही कामाला होतो. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद व्हायचं आणि मजूर घरी जायचे. पावसाळाभर पगार फक्त जिनाच्या संघातल्या फुटबॉलवाल्यांना. म्यानेजर साहेब दरसाल एकच वाक्य बोलायचे, "कप आला तर पावसाळा तुमचा."

एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं हसून सोडता येणार नाही.

* * *

त्या पहिल्या दिवशी धाड गावच्या गफूरनं मैदानाच्या कडेला बूट काढून ठेवले. तो डाव्या बाजूनं पळायचा, आणि पळायला लागला की फक्त धूळ दिसायची.

सोनाळ्याचा दौलतभाऊ आमचा कप्तान. तो ओरडला, "काऊन काढले बे?"

गफूर म्हणाला, "भाऊ, बूट घातले की माह्या पायाले दिसत नाही!"

साहेबांनी नियमाचा कागद पाहिला. बूट घातलेच पाहिजेत, असं त्यात कुठं नव्हतं. दौलतभाऊ खुश झाला. त्या दिवसापासून तेच त्याचं ब्रीद झालं, "नियमात लिहेल हाय का? नाही ना? मंग!"

* * *

एका सालच्या सामन्यात समोरचा संघ उंच उंच चेंडू मारणारा होता. चेंडू आमच्याकडचा. दौलतभाऊनं तो सकाळपासून बैलांच्या हौदात बुडवून ठेवला. दुपारी तो दगडासारखा जड.

पंच म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले हवालदारसाहेब. त्यांनी चेंडू उचलला. हाताला पाणी लागलं. "ये गीला क्यों है?"

दौलतभाऊ हात जोडून म्हणाला, "साहेब, आज फायनल हाय. आंघोळ घालून आनला!"

सारं मैदान हसलं, हवालदारसाहेबही हसले. समोरच्या सेंटर फॉरवर्डनं तो चेंडू डोक्यानं मारला आणि मटकन खाली बसला. मग कुणी हसलं नाही. आम्ही एक गोल करून जिंकलो.

* * *

आमचा गोली ठेंगणा होता. उंच चेंडू त्याच्या हातात यायचा नाही. गोलचे खांब आम्हीच गाडायचो, म्हणून दौलतभाऊनं एका बाजूचे खांब हातभर जास्त खोल गाडले. पहिल्या डावात आमच्यावर एकही गोल झाला नाही.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता बुटका गोल समोरच्यांचा, आणि त्यावर मारायचं आम्ही! दौलतभाऊचे तीन चेंडू आडव्या बांबूवर आदळून परत आले.

गफूर त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "भाऊ, रडी केली त करा, पन दोन्ही बाजूनं सारखी करत जा!"

त्या साली कप गेला. पावसाळाभर गफूर धाडला दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जायचा. घरी म्हातारी आई आणि दोन बहिणी. दौलतभाऊ सोनाळ्याला उपाशीच होता, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

* * *

पुढच्या साली हवालदारसाहेब बूट तपासायला लागले. बैलाचा खूर पाहावा तसा प्रत्येकाचा पाय उचलून तळव्यावरून हात फिरवायचे. आमच्या एकाच्या बुटाचा खिळा वर आला होता. त्यांच्या हातातून रक्त आलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅच सुरू नाही झाली, आणि खून मेरा निकला?"

दुसऱ्या दिवशी सूचना आली. कागद इंग्रजीत. साहेबांनी वाचून मराठीत सांगितलं, "खिळे चालणार नाहीत. बुटाखाली पट्ट्या चालतील."

साहेबांच्या मनात कातड्याची पट्टी होती. पण जिनात पट्टी म्हटली की एकच. प्रेसमध्ये कापसाची गाठ दाबून झाली की तिला आवळतात ती. लोखंडाची!

"पट्टी चालते," दौलतभाऊ म्हणाला. "आधी माह्याच बुटाले लावून पाहू." फिटरनं पट्टी कापून त्याच्या बुटांना ठोकून दिली.

गफूर म्हणाला, "हे बूट हायेत का बैलाचे नाल?"

सगळे हसले. चूक होती, आणि अशी चूक फक्त जिनातला माणूसच करील. एवढ्यावर थांबलं असतं तर आजही मी हसत सांगितलं असतं.

पण सामन्याच्या सकाळी दौलतभाऊ त्या लोखंडावर पातळ कातडं चिकटवत बसला होता. मी विचारलं, "हे कायले?"

"घसरू नाही म्हून."

चूक असेल तर तिला झाकायचं कशाला, हे त्या घटकेला सुचलंच नाही. आता रोज सुचतं.

* * *

फायनल. हवालदारसाहेबांनी हात फिरवला. हाताला कातडं लागलं. "ठीक है."

खेळ संपत आला तरी गोल नव्हता. मग कॉर्नरवरून चेंडू आला आणि गोलपुढं गर्दी उसळली. गफूरनं अनवाणी पाय चेंडूवर ठेवला, त्याच चेंडूसाठी दौलतभाऊ वरून उडी मारून आला. चेंडू गोलमध्ये गेला. गफूर खाली बसला. पट्टीवरचं कातडं केव्हाच फाटलं होतं.

गफूरच्या पायाकडं मी एकदाच पाहिलं.

समोरचा कप्तान ओरडत आला, "साहेब, याच्या बुटाले लोखंड हाय!" हवालदारसाहेबांनी दौलतभाऊचा बूट काढून घेतला. पट्टी कशाची, ते कागदात लिहिलेलं नव्हतं. मग गफूरजवळ उकिडवे बसले. "बेटा, कशानं लागलं? तू म्हणशील तेच मानीन. लोखंडानं लागलं असेल तर गोल नाही, कप नाही."

आम्ही दहा जण उभे होतो. दहा घरांचा पावसाळा त्याच्या तोंडाकडं पाहत होता. दौलतभाऊ मातीकडं पाहत होता.

गफूर म्हणाला, "काच होती साहेब. मातीत."

"मैदानात काच?"

"हाव."

हवालदारसाहेबांनी बूट खाली ठेवला आणि लांब शिट्टी मारली. कप आमचा झाला.

त्या पावसाळ्यात आम्हा साऱ्यांना पगार मिळाला. एकट्या गफूरला नाही. म्यानेजर साहेब म्हणाले, "जो खेळू शकत नाही, तो फुटबॉलवाला कसा?" नियमाप्रमाणे बरोबरच होतं!

* * *

कैक वर्षांनी मी आणि दौलतभाऊ धाडच्या बाजाराला गेलो. जिन सुटलेलं, दोघांचेही केस पिकलेले.

गफूर दोर विकायला बसला होता. आम्हाला पाहून खूप हसला. "या भाऊ, बसा!" त्यानं पोतं अंथरलं, चहा मागवला, पोराबाळांची खुशाली विचारली. पाय चादरीखाली होता.

चहा संपला. दौलतभाऊनं कप खाली ठेवला. "गफूर, मले एक सांग. मी कोनाले इचारलं नाही आजवर. त्या दिवशी माह्यी चूक झाली का मी रडी केली? तू म्हनशील ते मी मानतो."

गफूर हातातला दोर गुंडाळत होता. पुरा गुंडाळून त्यानं तो बाकीच्या दोरांवर नीट ठेवला. दौलतभाऊच्या खांद्यावर हात टेकून उठला, काठी घेतली, आणि दुकान तसंच उघडं टाकून बाजाराच्या गर्दीत निघून गेला.