फुई बसली की काटा शून्यावर

आधीच सांगून ठेवतो, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते हसण्यासाठी. चिंचेखालची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारा माणूस... वाचायचं आणि सोडून द्यायचं. मी सुरतेत एका डाईंग मिलमध्ये मेंटेनन्स बघतो. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं. आजही माझं हेच मत आहे. त्यामुळे खाली जे लिहितोय ते वाचून कुणी "बघा, शेवटी तुम्हालाही पटलं" असं म्हणू नका. मला काहीही पटलेलं नाही.

माझ्याकडे एक जुनी पेट्रोल टर्बो गाडी आहे. माझा मित्र जिग्नेश, त्याचं कामरेजला गॅरेज आहे. आम्ही दोघांनी मिळून तिला मोठा टर्बो बसवला, मोठा इंटरकूलर टाकला, ट्यूनिंग बदललं. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी — टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून गाडी पळते. त्या हवेच्या दाबाला बूस्ट म्हणतात आणि तो दाखवणारा काटा मी स्टिअरिंगजवळ लावलाय. काटा वर, तर गाडी हवेत. काटा शून्यावर, तर मागून रिक्षावाला हॉर्न मारणार.

काम पूर्ण झालं त्या दिवशी गाडी नवागामला घरी आणली. आमच्यात अशा वेळी सवाष्णीनं बॉनेटवर स्वस्तिक काढायचं, कुंकू लावायचं. बायको माहेरी गेलेली. मी आईला म्हणालो, "माय, तूच लाव."

तिनं हात पदराखाली घेतले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून तिनं कुणाच्याच शुभकार्यात कुंकवाच्या वाटीला हात लावला नव्हता. मी ऐकलं नाही. ज्या बाईनं दुसऱ्यांच्या साड्यांना लेस लावून मला शिकवलं, तिच्या हातचं कुंकू गाडीला चालत नसेल तर गाडी गेली खड्ड्यात! शेवटी तिनं लावलं. स्वस्तिक जरा वाकडंच आलं.

नेमकी तेव्हाच फुई आली. आम्ही खान्देशी लोक आत्याला फुई म्हणतो. ती पर्वत पाटियाला राहते. तिच्या मुलीचं, कोमलचं लग्न ठरलेलं. ही कोमल लहानपणी फुईच्या आजारपणात आमच्याच घरी होती, आईच्या ताटात जेवून मोठी झाली. फुईनं बॉनेट बघितलं, आईचं कुंकवाचं बोट बघितलं. मला म्हणाली, घरी सोड.

पुलाच्या चढावर मी पाय दाबला आणि... काटा शून्यावर. गाडीतला जीवच गेल्यासारखं झालं. एक ट्रक हॉर्न देत बाजूनं निघून गेला.

मागच्या सीटवरून फुई बोलली, "मी काय सांगस भाऊ, विधवाना हातनं कुकू लावतस का कोठे?"

माझं डोकंच फिरलं. पण चालू गाडीत भांडायचं नाही म्हणून गप्प बसलो. फुई मात्र गप्प बसली नाही. दोन दिवसांत सगळ्या नातेवाइकांत झालं की गाडीला अपशकुन झाला. एका मावशीनं तर आईच्या तोंडावर तिला पांढऱ्या पायाची म्हटलं. आईनं संध्याकाळी भाकरी थापता थापता मला सांगितलं, "ऱ्हाऊ दे भाऊ. मी नही येस लगीनले. कोमलनं वाईट व्हवाले नको."

मी ठरवलं, फॉल्ट शोधायचा. हातात काढून, फुईच्या पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचं, हा बघ तुझा अपशकुन! आईला लग्नाला न्यायचंच.

जिग्नेश आणि मी सगळी गाडी उलगडली. पाइपांत धूर सोडून बघितला, कुठून गळत नव्हता. सगळे क्लॅम्प आवळले. प्लग बदलले, स्कॅनर लावला, एकही एरर नाही. वर चाचणीला नेली की गाडी सुसाट! आणि लग्नाच्या खरेदीला फुईला घेऊन निघालो की काटा मेलेला.

जिग्नेशनं विचारलं, "मागे कोण बसतं?" आमच्या गाडीत पेट्रोल पंपाची वायर मागच्या सीटखालून जाते. कुणी बसलं की ती दाबली जात असणार! मला इतका आनंद झाला की मी जिग्नेशला मिठी मारली. सीट काढली. वायर शाबूत होती. तरी नवीन टाकली. फुईच्या जागेवर जिग्नेशला बसवलं, आणि जिग्नेश म्हणजे दीड फुई आहे. गाडी पळाली. साड्यांचे गठ्ठे भरले, तरी पळाली. फुई बसली... शून्य.

फुईला एसी लागतो, म्हणून एकदा एसी बंद ठेवला. ती घामाघूम, काटा तिथेच. तिला पुढच्या सीटवर बसवलं. तिचा मोबाईल मुद्दाम घरी विसरायला लावला. तिच्या हातातलं तांब्याचं कडं "बघू गं" म्हणून मागून घेतलं आणि स्वतः घालून एकटा फिरलो. तेव्हा पळाली. टेलरच्या दुकानाशी फुई उतरली की पुढच्याच वळणावर काटा वर, ती परत बसली की खाली.

जिग्नेश बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "पाटील, आ गाडीमां कंई वांधो नथी." गाडीत काहीच दोष नाही म्हणे. आणि मग हळूच, "तुमची फुई..." मी म्हटलं, पुढे बोलू नकोस.

राहिली एकच चाचणी. आईला पुढे बसवलं. ती येईना, तिला जवळजवळ ओढूनच आणलं. कामरेजच्या रस्त्याला मोकळं मिळाल्यावर पाय दाबला. काटा असा चढला की आईनं दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि "अय माय वं!" म्हणून ओरडली. मी हसत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं. "बघ माय! तुझ्यामुळे नाही. तुझ्यामुळे कधीच नव्हतं!"

आणि मग मी तिला सगळं सांगून टाकलं, फुई बसली की काय होतं ते. म्हटलं, आज सगळ्यांसमोर फुईला गाडीत बसवतो, काटा दाखवतो. कळू दे सगळ्यांना पांढऱ्या पायाचं कोण ते!

आईनं हँडल सोडलं. मग म्हणाली, "मी जे आयकं, ते तिले नको आयकाडू."

मला राग आला. खरंच आला. माझ्या आईला ज्यांनी रडवलं त्यांच्याविरुद्ध हातात पुरावा आणि तो वापरायचा नाही? पण घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी काय करायला निघालो होतो. माणूस बसलं म्हणून गाडी थांबते असं मी म्हणालो असतो, तर माझ्यात आणि त्या मावशीत फरक तो काय राहिला असता?

त्याच संध्याकाळी फुईकडे गेलो. जिग्नेशच्या गॅरेजमधला, दुसऱ्याच गाडीचा एक तुटका क्लॅम्प तिच्या हातावर ठेवला. "हा तुटला होता. हवा गळत होती. मायच्या कुंकवाचा काही संबंध नाही." फुईनं तो क्लॅम्प उलटसुलट करून बघितला. मग तशीच उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, चल, वहिनीकडे ने मला. त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मी बाहेर उभा होतो. पण कोमलला पहिली हळद आईनं लावली, फुईनंच तिचा हात धरून लावायला लावली.

लग्नाला कामरेजला जाताना आई पुढे, फुई मागे. काटा शून्यावर. फुई म्हणाली, "आता तर रिपेर झाली ना? मग इतका हळू का?" मी म्हटलं, "पुढे कॅमेरा आहे फुई."

आजही तेच आहे. तिला वाटतं भाचा शहाणा झाला, जपून चालवतो. जिग्नेश म्हणतो गाडी विक. विकणार नाही. दर रविवारी काहीतरी खोलून बघतो. इथे कुणाला माहिती असेल तर जरूर लिहा... पण कारण गाडीतलं सांगा. माणसातलं सांगणार असाल तर माझ्या दारात उभं राहू नका.