खाली व्हा

आधी काळेवाडीच्या मावशींचं सांगते, मग नदीचं. माझी लेक आज दारात खेळते ती त्या बाईंमुळं. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत. काळेवाडीला त्यांचा मळा, आणि रोज सकाळी मेथी-चाकवताची पाटी डोक्यावर घेऊन त्या नदी ओलांडून आमच्या पत्र्याच्या खोल्यांकडं यायच्या. पिंपरीला तेव्हा नवा कारखाना उभा राहत होता आणि आमचे हे बांधकामावर होते. मी बीडकडची, चौथीतून शाळा सुटलेली, कडेवर वर्षाची पोर. या मुलखात माझ्याशी दोन शब्द बोलायला थांबणारं माणूस म्हणजे मावशीच.

थंडीतल्या एका रविवारी त्यांनी आम्हाला आणि कामावरच्या चार-पाच जणांना मळ्यात हुरडा खायला बोलावलं. न्यायला स्वतः आल्या. पलीकडं जायचं ते तराफ्यावरून. डांबराची रिकामी पिपं तोंडं बंद करून एकमेकांना बांधलेली, वर फळ्या ठोकलेल्या. दोन्ही काठांच्या झाडांना एक जाड दोर ताणलेला, आणि तो हातानं ओढत ओढत मिस्त्री तराफा पलीकडं न्यायचे. मिस्त्री गावातलेच, मुसलमान, बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारे. तराफाही त्यांनीच केलेला.

आमच्याकडं नदी म्हणजे वर्षातले आठ महिने वाळू. इथं हिवाळ्यातसुद्धा एवढं पाणी कुठून येतं, हे मला कुणी सांगेना. मी आपली अक्कल चालवली. पोरीला जुन्या लुगड्याच्या धडप्यानं पाठीशी घट्ट बांधलं, आणि धडप्याचं टोक फळीच्या कडीला अडकवलं. म्हटलं, पडलोच तर तराफ्याला लटकून तरी राहू.

मिस्त्री हसायला लागले. "वहिनी, तराफा हाय ह्यो, दावण न्हाई. गुरं बांधल्यागत काय बांधताय?"

"आमच्याकडच्या बाया अशाच," आमचे हे म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी मात्र हसल्या नाहीत. पाटी खाली ठेवून सरळ माझ्या पाठीवरची गाठ सोडायला लागल्या. मला कळेना, ही बाई माझं लेकरू का सोडवतीय? मी हिसडा दिला.

"अगं बाय, तराफाच उलटला तर तू त्येच्याखाली, आन् पोर तुज्याखाली. पान्यात कुनाला कशालाबी बांधायचं नसतं. पुढं घे, हातात धर."

मला पटलं असं नाही, पण चारचौघांत त्यांना नाही कोण म्हणणार? पोरीला पुढं घेऊन बसले, डोळे मिटून. मग पोरच खिदळायला लागली तेव्हा उघडले. पाणी पिपांवर डबडब वाजत होतं. ऊन पडलं होतं. पाण्यावरचं ऊन एवढं जवळून मी आधी पाहिलंच नव्हतं. मला चक्क बरं वाटायला लागलं. आपण घाबरलोय की मजेत आहोत, काही समजेना.

पलीकडचा काठ दिसायला लागला, हिरवं लव्हाळं हाताला लागेल इतकं जवळ आलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मासा! केवढा बघा, राव!" आणि सगळे गडी एकदम एका बाजूला झुकले, जिकडून पाणी येत होतं त्या बाजूला. ती कड पाण्यात गेली. फळ्यांवर पाणी आलं, पाय भिजले.

"खाली व्हा!" मिस्त्री दोर धरून ओरडले. "आरं समदी खाली व्हा, बेगीन!"

आता खाली व्हा म्हणजे काय? आमच्याकडं गाडीतून खाली हो म्हणजे उतर. मला वाटलं, काठ आला, तराफा बुडतोय, उतरा म्हणतायत. लव्हाळं समोरच होतं, म्हणजे तिथं जमीन असणारच. मी पोरीला घेऊन उठले आणि लव्हाळ्यात पाय टाकला.

पायाखाली काहीच नव्हतं.

पुढचं मला अजूनही सलग आठवत नाही. एवढंच आठवतं, की मावशींनी माझ्या हातातलं लेकरू वरच्यावर धरून ओढलं आणि मी ते सोडत नव्हते. गळ्यापर्यंत पाण्यात असताना मी ओरडत होते, "माझी पोर! माझी पोर द्या!" ती पोर चोरून नेतायत असंच मला वाटत होतं. मग पोर सुटली. माझा अंबाडा कुणाच्या तरी मुठीत होता. डोकं असं दुखलं की वाटलं केस उपटून निघतायत. मग फळ्या, ह्यांचे हात, खोकला. आणि पोर मावशींच्या मांडीवर, कोरडी. पायसुद्धा भिजला नव्हता तिचा.

मळ्यात हुरडा भाजायच्या आगटीपाशी बसवून मावशींनी मला त्यांचं लुगडं नेसवलं. मिस्त्री समोर बसून डोक्याला हात लावत होते. "खाली म्हंजी खालच्या अंगाला, वहिनी! पानी जातंय तिकडं. वरची कड दबली की पानी तराफा पालथा घालतंय, म्हून समद्यांना खाली सरा म्हनत हुतो. तुम्ही पार उतरूनच गेलासा!"

"तुमी तरी तसं बोला की फोडून," मावशी त्यांच्यावर डाफरल्या. "ती काय नदीकाठची हाय व्हय?"

आमचे हे हुरडा चोळून माझ्या हातावर देत राहिले. मी खात होते, रडत होते, मधेच हसतही होते. परत येताना आधी मिस्त्रींना विचारलं, वर कुठलं आणि खाली कुठलं, मग सगळ्यांना मधोमध बसवलं.

पाठीवरची ती गाठ तशीच असती तर? हा विचार आला की मी अजून पोरीला चाचपून बघते. ज्या बाईला मी हिसडा दिला, चोर समजले, तिला नंतर नीट दोन शब्दही बोलले नाही.

मावशींना भाऊ नाही, आईबाप कधीच गेले. दिवाळीला गावातल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, आणि ह्या त्यांना भाज्या पोचवत फिरतात. एका दिवाळीला मी त्यांना आमच्या गावी नेणार आहे. कोणत्या ते आज सांगता येत नाही, इथलं कामच टिकेल की नाही ठाऊक नाही. पण नेणार. माझ्या आईच्या घरात त्यांना पाटावर बसवून न्हाऊ घालीन, चुलीपुढं फिरकू देणार नाही. माहेरपण करीन त्यांचं, चांगलं आठ दिवस, आणि त्या जाते म्हणाल्या तरी सोडणार नाही.